काचेवर लावलेला नंबर

मी प्रिंटर बोलतोय, भामरागडच्या महेक झेरॉक्समधला. खरं तर मी नुसता छापत नाही, नक्कलही काढतो आणि स्कॅनही करतो. पण तिकडे मला सगळे 'मशीन' एवढंच म्हणतात आणि माझं मत कुणी विचारलं नाही. सध्या माझा मुक्काम चंद्रपूरला एका दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या फळीवर आहे. शेजारी एक जुनं फॅक्सचं यंत्र आहे, पण ते कधीच हाय खाऊन गप्प झालं आहे. म्हणून तुमच्याशी बोलतोय. पावसाळ्यात जे घडलं, त्याचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. ती पट्टी भामरागडच्या उंदरांनी पहिल्याच वर्षी खाल्ली. त्यामुळे मी माझा जन्म धरतो तो चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचा, जेव्हा कय्यूमभाऊंनी मला जीपमधून उतरवलं आणि त्यांच्या बायकोने, जरीनाबाईंनी, ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. आलापल्लीपासूनच्या रस्त्याने माझा एकेक स्क्रू खुळखुळत होता. तरी बटण दाबताच मी पहिला कागद स्वच्छ काढून दिला. कय्यूमभाऊंनी तो कागद आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला. तो कोरा होता, पण त्यांना त्याचंही कौतुक.

माझ्यासोबत आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे माझा करार. वार्षिक देखभालीचा करार, एएमसी म्हणतात तो. दरवर्षी तीस जूनपर्यंतचा. कय्यूमभाऊंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगला होता. त्या कराराचा मला फार तोरा होता. दुकानात लोखंडी कपाट होतं, पंखा होता, कॉम्प्युटर होता. करार मात्र एकट्या माझा होता. मला काही झालं की चंद्रपूरहून माणूस धावत येणार, असं मी धरून चाललो होतो.

दुकानात कामाला तोटा नव्हता. सातबारा, आधार, शिष्यवृत्ती, वनहक्काचे दावे. नदीपलीकडून, नाल्यापलीकडून माणसं यायची, कागद पॉलिथिनमध्ये गुंडाळून थेट बनियनच्या आत ठेवून आणायची. कागद माझ्या काचेवर यायचा तेव्हा तो अंगाच्या उबेने गरम असायचा. मी तुम्हाला सांगतो, ऑफिसातल्या प्रिंटरांना ही ऊब कधी कळायची नाही.

कय्यूमभाऊंचा फॉर्म भरण्याचा हात विजेसारखा होता. फॉर्मवर दहा-बारा चौकोन असले की ते वरून खाली एका दमात बरोबरच्या खुणा करत यायचे. वाचायचे नाहीत. रोज तेच फॉर्म, तीच उत्तरं, वाचायचं काय? माणसं कौतुकाने बघायची. मीही बघायचो. त्या खुणांनी पुढे काय करून ठेवलं, ते ऐका.

त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. भामरागडात वीज जाते. गेली की तासाने येते, नाहीतर तीन दिवसांनी. ज्याची पाळी चालू असेल त्याने मग करायचं काय? तर त्याने आपला कागद माझ्या काचेवर तसाच ठेवायचा, झाकण लावायचं आणि खुशाल निघून जायचं. वीज आली की दुसरा कुणी झाकण उचलतो, आत कागद दिसतो, की समजतो, याचा नंबर आहे. कुणी तो कागद हलवत नाही. सांगून जावं लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. एकदा तलाठ्यांनाही थांबावं लागलं होतं, कारण काचेवर एका म्हातारीचं रेशनकार्ड होतं. माझ्या झाकणाखालच्या जागेला इतका मान होता.

जून महिन्यात मला दुखणं लागलं. प्रत्येक नकलेच्या डाव्या कडेला काळा पट्टा उमटायला लागला. कय्यूमभाऊंनी लगेच चंद्रपूरला तक्रार नोंदवली. मी निर्धास्त होतो. फोनवर उत्तर आलं आणि मला पहिला धक्का बसला. करारात नववं कलम होतं. जिल्ह्याच्या ठिकाणापासून इतक्या लांबच्या गावाला माणूस येणार नाही, ग्राहकाने यंत्र नीट बांधून पाठवायचं. चार वर्षं तो करार माझ्या डोक्यामागे लटकत होता आणि नववं कलम ना मला ठाऊक, ना कय्यूमभाऊंना. माझ्यासाठी कुणी धावत येणार नव्हतं. मलाच जायचं होतं.

त्याच दिवसांत, चोवीस तारखेला, खुशालभाऊ आले. खुशाल दुर्गे नाल्यापलीकडे राहतात, ठेकेदाराच्या कामावर मुकादम आहेत. त्यांची आणि कय्यूमभाऊंची वीस वर्षांची ओळख, एकाच्या घरचं लग्न दुसऱ्याच्या खांद्यावर पार पडलेलं. त्यांच्या मुलीला, रोशनीला, नर्सिंगला प्रवेश मिळत होता. पण तीन जुलैला गडचिरोलीत पडताळणी समितीपुढे जातीचा मूळ पुरावा दाखवायचा होता. पुरावा एकच होता, खुशालभाऊंच्या आजोबांचा, रामाजी दुर्गे यांचा, शाळा सोडल्याचा दाखला. आरमोरीकडच्या एका गावच्या शाळेचा, एकोणीसशे सेहेचाळीस सालचा. शाळेतलं रजिस्टर उधईने, म्हणजे वाळवीने, कधीच खाऊन टाकलं होतं. नक्कल मिळायची सोय नव्हती. म्हणजे घरात होता तोच दाखला, आणि तो गेला तर सगळंच गेलं.

खुशालभाऊंनी तो चार घड्यांचा कागद इतक्या हळू उलगडला की मला माझा दिवा लावायलाही धाकधूक वाटली. झाकण बंद झालं. मी वाचायला सुरुवात केली. रामाजी, बापाचं नाव डोमाजी, गाव, जन्मतारीख... माझा दिवा कागदाच्या मध्यावर पोचला आणि वीज गेली.

अर्धा वाचलेला कागद माझ्या छातीवर राहिला.

बाहेर पाऊस झोडपत होता. नाल्याला पाणी चढत होतं. खुशालभाऊ थोडा वेळ थांबले. कय्यूमभाऊ तेव्हा मागे गोदामात गळत्या छपराखाली बादल्या लावत होते. बाकावर दोन-चार माणसं होती, त्यांतल्या एकाला खुशालभाऊ म्हणाले, की असा जुना कागद पान्यातून नेण्यापेक्षा इथीच बरा, कोरडा तरी राहील. आणि रिवाजाप्रमाणे नंबर लावून ते निघून गेले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या झाकणाखाली आजवर काय हरवलं होतं?

दुसऱ्या दिवशीही वीज नव्हती. चंद्रपूरहून निरोप आला, करार तीस तारखेला संपतो, मशीन त्याआधी पोचलं नाही तर तक्रार बाद. गावातला एक पिकअपवाला म्हणाला, नाला उतरला की मी निघतो, उतरला की थांबणार नाही. कय्यूमभाऊंची धावपळ उडाली. माझी मूळ पेटी माळ्यावर होती, जरीनाबाईंनी तिच्यात हिवाळ्याच्या रजया भरल्या होत्या. थर्माकोल कधीच लेकीच्या शाळेच्या प्रकल्पात किल्ला होऊन गेला होता. त्याऐवजी त्याच रजयांतली एक माझ्याभोवती लपेटायचं ठरलं.

करारासोबत एक यादी होती, यंत्र पाठवण्यापूर्वी काय काय करायचं त्याची. बारा चौकोन. टोनर काढला का, कागदाचा ट्रे रिकामा केला का, वायर ठेवून घेतली का, काच रिकामी असल्याची खात्री केली का, मग झाकण टेपने बंद केलं का. आणि असंच पुढे. यादीच्या दोन प्रती, एक पेटीत घालायची, एक आपल्याजवळ ठेवायची. कय्यूमभाऊंनी पेन घेतलं आणि वरून खाली, एका दमात, बाराच्या बारा खुणा केल्या. दोन्ही प्रतींवर. खाली सही ठोकली. मी अजून टेबलावर होतो, टोनर माझ्या पोटात होता, कागद काचेवर होता आणि यादीप्रमाणे सगळं झालेलं होतं.

मला वाटलं, आता झाकण उचलतील. भर दिवसा दुकानात अंधार होता. जरीनाबाईंनी मोबाईलची बॅटरी धरली. कय्यूमभाऊंनी टोनर काढला, ट्रे उपसला, वायर गुंडाळली. झाकण सारखं हलत होतं, म्हणून त्यांनी टेपचा पट्टा घेतला आणि ते आहे तसंच, चारही बाजूंनी, करकचून बंद करून टाकलं. मी हादरलो. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते मला, चार रबरी पायांच्या प्राण्याला, त्या क्षणी कळलं. भाऊ, उचला, एकदा उचला, असं मी मनात ओरडत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे लाल दिवा, आणि लाल दिव्याला वीज लागते.

मग रजई आली, पेटी आली, वरून टेप, टेपवर नंबरची चिकटपट्टी. ती फाटली की पेटी फोडली असा अर्थ, आणि मग करार बाद. सगळीकडे अंधार झाला.

नाला दोन दिवस उतरला नाही. मी पेटीत, पेटी दुकानात, दाराजवळ. रजई जरा सरकली होती, तेवढ्या फटीतून दिसेल ते बघत होतो. सत्तावीस तारखेला वीज आली आणि तासाभरात खुशालभाऊ रोशनीला घेऊन आले. पाणी कमरेइतकं असताना दोघं दोर धरून आले होते, असं पुढच्या बोलण्यातून कळलं. त्यांनी दाखला मागितला. कय्यूमभाऊंनी विचारलं, कोणता? खुशालभाऊंनी सांगितलं, नंबर लावून ठेवला होता तो.

मशीन बांधताना तो काढून कुठेतरी ठेवला असेल, असं सगळ्यांनी धरलं. मग दुकान उलटंपालटं झालं. कपाट सरकलं, खोके रिकामे झाले, रद्दीचा एकेक कागद झटकला गेला. जरीनाबाईंनी कचऱ्याचा डबा जमिनीवर ओतून हातांनी चाळला. मी हातभर अंतरावर होतो. रोशनी माझ्या पेटीवर हात टेकवून वाकून बाकाखाली बघत होती. तिच्या हाताचं वजन मला रजईतून कळत होतं. एवढी जवळ होती ती, आणि मी तिला सांगू शकत नव्हतो.

मग जरीनाबाईंनी ते विचारलं. मशीनमध्ये तर राहिला नसेल? माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. कय्यूमभाऊंनी खिशातून आपली यादी काढली, उलगडली आणि चौकोनावर बोट ठेवलं.

"हे पाहा. काच रिकामी असल्याची खात्री केली. माह्याच हातची खूण हाय. मी पाह्यलं असन म्हणूनच केली ना?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता. मी चार वर्षं त्यांचा आवाज ऐकला आहे, खोटं बोलताना तो बारीक होतो. ते मनापासून बोलत होते. स्वतःच्या खुणेवर त्यांचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता. शिवाय पेटी फोडली तर करार जाणार, आणि दुकान चालतं ते माझ्यावर. त्यांनी यादी घडी करून परत खिशात ठेवली.

खुशालभाऊ माझ्या पेटीवर बसले. खरंच सांगतो, त्यांच्या आजोबांच्या दाखल्यावरच बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

"कय्यूमभाऊ, तुमी हरवला म्हनले असते तर मी चकार शब्द काढला नसता. मानसाच्या हातून होते. पन तुमी म्हनता, इथी कागद नव्हताच. म्हंजे मी खोटा बोलून राह्यलो?"

जरीनाबाईंनी ठेवलेला चहा तसाच राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा खुशालभाऊ त्या दुकानातून चहा न घेता उठले.

अठ्ठावीसला नाला उतरला. मला पिकअपमध्ये चढवलं. आणि माझ्या शेजारी कोण येऊन बसलं? रोशनी. ती गडचिरोलीला निघाली होती, मूळ कागद हरवला, मुदत द्या, अशी समितीला विनंती करायला. मी चंद्रपूरला निघालो होतो. आलापल्लीपर्यंत आमचा रस्ता एकच. खड्ड्यांत पेटी उडायला लागली की ती दोन्ही हातांनी मला धरायची. मशीन नाजूक असते, हळू चालवा, असं तिने ड्रायव्हरला दोनदा सांगितलं. रस्ताभर ती पोरगी मला सांभाळत होती आणि माझ्या पोटात तिचं सगळं पुढचं आयुष्य होतं. आलापल्लीला ती उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. मला दुसऱ्या गाडीत टाकलं.

ती गाडी गोंडपिपरीच्या अलीकडे अडकली, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. तीस तारीख मी ताडपत्रीखाली काढली. करार त्या दिवशी माझ्यासोबतच भिजत संपला. एक जुलैला संध्याकाळी मला चंद्रपूरच्या या दुकानात उतरवलं, 'आलेला माल' अशा पाटीखाली ठेवलं आणि लोक घरी गेले.

दोन तारखेला दुपारी माझी पाळी आली. इथे आलेल्या मालाची नोंद निशात नावाची बाई करते. नीटनेटकी, आवाजाने जरा कडक. तिच्या हाताखाली अंकुश नावाचा कारागीर. निशातबाईंनी पेटीचा वरचा टेप तेवढा कापून यादी बाहेर काढली आणि कय्यूमभाऊंना फोन लावला. फोन टेबलावर, आवाज मोठा ठेवलेला. तारीख एका दिवसाने उलटली आहे, असं निशातबाईंनी सांगितलं. पण रस्ता बंद होता हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे साहेबांशी बोलून तारीख मागची धरता येईल. एक अट होती. यादी बरोबर असली पाहिजे. यादीत एक जरी गोष्ट खोटी निघाली, तर करार गेला आणि मशीन गेलं.

"एकेक वाचते. हो की नाही तेवढं सांगा, भाऊ."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. टोनर काढला? हो. ट्रे रिकामा केला? हो. वायर ठेवून घेतली? हो. चार वर्षांत पहिल्यांदा कय्यूमभाऊंना कुणीतरी एकेक चौकोन वाचून दाखवत होतं. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला.

"काच रिकामी असल्याची खात्री केली?"

पलीकडून पावसाची घरघर तेवढी ऐकू येत होती. निशातबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं, फोन कटला.

"बाई," कय्यूमभाऊ म्हणाले, "मी पाह्यलं नाई."

"खूण तर केली आहे."

"केली. आधीच केली होती, साऱ्याच. पाच दिवसांपासून तेच आठवून पाहून राह्यलो. झाकण उचलल्याचं काही केल्या आठवत नाई मले. तुमी एकदा उघडून पाहा. कोनाचा तरी कागद असन त्यात."

निशातबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, की मी उघडलं आणि आत काही निघालं, तर मला ते लिहावं लागेल. नाही म्हणालात तर मशीन रांगेत लागेल, आठ दिवसांनी उघडेल, काही निघालं तर तेव्हाचं तेव्हा बघू. आठ दिवसांनी म्हणजे दहा जुलैला. रोशनीची तारीख उद्याची होती. ते फोनच्या त्या टोकाला आणि या टोकाला दोनच जीवांना माहीत होतं, कय्यूमभाऊंना आणि मला.

"लिवा," ते म्हणाले. "पन आता उघडा."

अंकुशने मला पेटीतून काढलं, रजई सोडली आणि झाकणावरचा टेप कापला. आठ दिवसांनी माझ्या काचेवर उजेड पडला. कागद तिथेच होता. पण दमटपणाने तो काचेला चिकटून बसला होता, घड्यांच्या जागी तर अगदी ओला झालेला. अंकुशने कोपरा धरून उचलायला बोट लावलं. निशातबाईंनी त्याचा हात धरला. आधी स्कॅन कर, मग हात लाव, फाटला तर निदान तेवढं तरी राहील, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी मला दुकानातली वायर जोडली. कण्हत, खडखडत मी उठलो. माझं छापणं बिघडलं होतं, वाचणं नाही. दिवा लागला आणि मी पुन्हा वरून सुरुवात केली. रामाजी, बापाचं नाव डोमाजी, गाव, जन्मतारीख. मध्य आला. चोवीस तारखेला जिथे अंधार झाला होता, ती ओळ आली. ती ओलांडून मी पुढे गेलो. जात. शाळा सोडल्याची तारीख. वर्तणूक चांगली. हेडमास्तरांची सही आणि जांभळा गोल शिक्का. एवढ्या हजारो कागदांत कुठलाही कागद मी इतक्या सावकाश वाचला नव्हता. अंकुश म्हणाला, मशीन फार हळू चाललंय. चालू दे, असं निशातबाई म्हणाल्या.

मग टेबलफॅन लावून त्यांनी तासभर वाट बघितली. निशातबाईंनी पट्टीच्या कडेने, एकेक बोट, कागद सोडवला. अखंड निघाला. दाखला कुणाचा, तारीख उद्याचीच आणि रोशनी गडचिरोलीत कुठे भेटेल, ते कय्यूमभाऊंनी फोनवर सांगितलं. अंकुशचं घर आरमोरीला, त्याला गडचिरोलीवरूनच जायचं होतं. त्याने सुट्टी टाकली, दाखला दोन कोऱ्या कागदांत आणि एका फाईलमध्ये घातला आणि संध्याकाळची गाडी पकडली. रात्री त्याचा फोन आला. स्टँडवर ती मुलगी भेटली. तिने फाईल उघडली आणि दाखला वरपासून खालपर्यंत वाचून काढला, असं तो सांगत होता. दुसऱ्या दिवशी समितीने मूळ कागद पाहिला आणि तिचं काम झालं.

आणि निशातबाईंनी लिहिलं. यादीतल्या त्या चौकोनाखाली, स्वच्छ अक्षरात, 'काच तपासली नव्हती, कागद आत आढळला.' साहेबांनी वर लाल शिक्का मारला. करार रद्द. ज्या कराराचा मी चार वर्षं तोरा मिरवला, तो माझ्या देखत एका शिक्क्याने संपला. दुरुस्तीचा खर्च आता कय्यूमभाऊंच्या अंगावर आला आणि तो त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून मला बिनकराराच्या फळीवर ठेवलं. या फळीवरची यंत्रं हळूहळू कमी होतात, हे मी इथे येऊन शिकलो. आज कुणाचा रोलर जातो, उद्या कुणाची मोटर.

ऑगस्ट संपता संपता कय्यूमभाऊ आले, मशीन दुकानालाच सोडून देतो, अशा सोडपत्रावर सही करायला. मी ओळखलं ते पायांच्या आवाजावरून. त्यांच्यासोबत आणखी एक चप्पल होती. खुशालभाऊ. दोघं फार बोलत नव्हते, पण एकाच छत्रीतून आले होते.

निशातबाईंनी फॉर्म पुढे केला. त्यावरही चौकोन होते, सहा. कय्यूमभाऊंनी चष्मा लावला. पहिला चौकोन वाचला, माझ्या मागे जाऊन वायरची जागा बघितली आणि मग खूण केली. दुसरा वाचला, ट्रे ओढून बघितला, मग खूण. चौथ्यापाशी त्यांनी माझं झाकण उचललं आणि काचेवरून तळहात फिरवला. काचेवर एक जांभळा अर्धा गोल उमटलेला आहे, हेडमास्तरांच्या शिक्क्याचा. पुसला तरी गेला नाही. दोघांनी तो बघितला.

मला वाटलं, झालं, आता झाकण शेवटचं बंद होणार. उद्या अंकुश काच काढून घेईल, काचेला मागणी असते. तेवढ्यात खुशालभाऊंनी बनियनच्या आतून पॉलिथिनची पिशवी काढली. त्यातून एक कागद काढून माझ्या काचेवर नीट, कडा जुळवून ठेवला. अजून गरम होता. रोशनीच्या प्रवेशाच्या पत्राची प्रत होती ती.

"हे काय करून राह्यले?" कय्यूमभाऊंनी विचारलं.

"नंबर लावून राह्यलो," खुशालभाऊ म्हणाले. "दुरुस्ती होईन तवा होईन. आता तुमच्या एकट्याचं मशीन नाई हे. वीज आली की पयले आमचं."

कय्यूमभाऊंनी हातातलं पेन बंद केलं. सोडपत्रावर दोन चौकोन रिकामे राहिले होते, सहीची जागाही. निशातबाईंनी तो फॉर्म परत ओढून घेतला.

त्या दिवसापासून मी या फळीवर आहे, झाकण लावलेलं, आत कागद. कधी परत जाईन ठाऊक नाही. जाईन की नाही, तेही नाही. एवढंच सांगायला तुम्हाला थांबवलं. या दुकानात कधी आलात आणि एखाद्या भागासाठी मला उघडायची पाळी आली, तर आधी झाकण उचलून बघा. आत कागद दिसला, तर पुन्हा लावून टाका. माझ्याकडे नंबर लागलेला आहे.